कोकणात माणूस कामावर घेताना: जाहिरातीपासून नेमणूकपत्रापर्यंत खरं कसं सांगायचं

मालवण-देवबागपासून गुहागर-दापोलीपर्यंत कुठल्याही हॉटेलमालकाजवळ हंगामात बसा, चहा येईपर्यंत विषय निघतोच: माणसं मिळत नाहीत, आणि मिळाली तर टिकत नाहीत. काजू कारखानदार हेच म्हणतो, ट्रॉलरवाला हेच म्हणतो, लोट्याच्या एमआयडीसीतला ठेकेदारही हेच म्हणतो. 'आजकालच्या पोरांना काम नको' हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. मला ते पटत नाही. पहिल्याच महिन्यात निघून गेलेल्या माणसाला नीट विचारलं, तर बहुतेक वेळा एकच गोष्ट कळते. घेताना सांगितलेलं काम आणि प्रत्यक्षातलं काम यांत फरक होता. पगारात दोन हजारांचा, वेळेत तीन तासांचा, किंवा गणपतीच्या सुट्टीचा.

म्हणून हा लेख आधी मालकासाठी आहे. उमेदवार खोटं बोलतात, त्याबद्दलही पुढे आहे. पण जाहिरात मालक काढतो, पगार तो ठरवतो, कागद तो लिहितो. तेव्हा खरं बोलायची पहिली पाळी त्याची.

जाहिरातीच्या आधी एक कागद

माणूस शोधायला निघण्यापूर्वी एका कागदावर काम लिहून काढा. 'हाऊसकीपिंग' एवढं लिहून भागत नाही. किती खोल्या, कपडे हाताने धुवायचे की मशीन आहे, मधल्या वेळेत स्वयंपाकघरात मदत करायची का, पाहुण्यांचं सामान उचलायचं का, सगळं. कोकणातल्या छोट्या जागांत एक माणूस चार कामं करतो, त्यात गैर काही नाही. ती चारही कामं आधी सांगितलेली असावीत, इतकंच.

त्याच कागदावर एक प्रश्न लिहा: या कामात सगळ्यात त्रासदायक काय आहे? उत्तर स्वतः देऊ नका. ते काम आत्ता करणाऱ्या माणसाला विचारा. काजूच्या कारखान्यातली बाई सांगेल की टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी सोलवटते. आंबा कॅनिंगवाला सांगेल की मे महिन्यात माल एकदम आला की रात्र रात्र ओल्या फरशीवर उभं राहावं लागतं. हॉटेलातला वेटर ब्रेक शिफ्टचं सांगेल: सकाळी सात ते बारा, मग चार ते रात्री आठ. कागदावर नऊच तास दिसतात, पण दिवस तेरा तासांचा होतो, कारण दुपारच्या चार तासांत घरी जाऊन येण्याइतकी एसटी नसते. हे सगळं मुलाखतीत तुमच्या तोंडून बाहेर पडलं पाहिजे. ऐकून एखादा उठून जाईल. तो पंधरा दिवसांनी, ऐन लाँग वीकेंडला गेला असता, त्यापेक्षा आज गेलेला परवडला.

आणखी एक: जागा खरोखर रिकामी आहे ना? 'चार बायोडाटा हाताशी असू देत, पुढे लागतील' म्हणून काढलेली जाहिरात ही फसवणूकच. कणकवलीहून एखादी मुलगी रजा टाकून, भाडं खर्चून मुलाखतीला येते, आणि जागाच नसते. पुढच्या मोसमासाठी नावं जमवायची असतील तर तसं लिहा. लोक तरीही नावं देतात.

जाहिरात

व्हॉट्सॲपवर फिरणारी नेहमीची जाहिरात अशी: 'नामांकित रिसॉर्टसाठी मुली पाहिजेत. आकर्षक पगार. राहणे-जेवण फ्री. त्वरित संपर्क.' यात माहिती शून्य. वर 'मुली पाहिजेत' हे कायद्यातही बसत नाही. भरती करताना स्त्री-पुरुष भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून मनाई आहे, आणि आताच्या वेतन संहितेतही ती कायम आहे. स्त्रियांना जे काम कायद्यानेच मना आहे तेवढाच अपवाद. रिसेप्शनला मुलगीच हवी आणि बागेत पुरुषच हवा, ही आपली सवय आहे, कामाची गरज नव्हे.

आता हीच जागा नीट लिहिली तर:

'तारकर्ली येथे बारा खोल्यांच्या रिसॉर्टमध्ये हाऊसकीपिंगसाठी दोन जण हवेत, स्त्री किंवा पुरुष. काम १ ऑक्टोबर ते ३१ मे. पावसाळ्यात काम नाही, पगारही नाही. वेळ सकाळी ७ ते १२ आणि दुपारी ४ ते ८, आठवड्याला एक सुट्टी, ती शनिवार-रविवारी मिळणार नाही. दिवाळी आणि ३१ डिसेंबरला सुट्टी नाही. शिमग्याला तीन दिवस मिळेल. सगळ्या कपाती जाऊन हातात १४,००० रुपये. दोन वेळचं जेवण. राहायचं असेल तर तिघांत एक खोली, त्याचे पैसे कापत नाही. मोबाइलची रेंज कमी आहे. शिक्षणाची अट नाही. कोणालाही फी किंवा डिपॉझिट देऊ नये.'

लांब आहे खरी. पण फोन करणारा निम्मे प्रश्न विचारतच नाही, आणि येतो तो ठरवून येतो.

शिमगा आणि गणपती या दोन सणांबद्दल मोघम बोलू नका. मुलाखतीत उमेदवार पगाराआधी 'गणपतीक सुट्टी गावतली मा?' (मिळेल ना?) असं विचारतो, तेव्हा 'बघूया, तेव्हाचं तेव्हा' हे उत्तर खोट्यातच जमा. देणार असाल तर दिवस सांगा. देणार नसाल तर स्पष्ट नाही म्हणा. मच्छीमारी १ ऑगस्टला सुरू होते आणि गणपती त्यानंतर येतात, त्यामुळे बोटवाल्याची अडचण खरी आहे. मार्चमध्ये शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा बागेत आंबा तयार होत असतो, हीसुद्धा खरी अडचण. म्हणूनच आधी बोलून, आळीपाळीने कोण जाणार ते लिहून ठेवायचं. सुट्टी न देणारा मालक माणसांनी सहन केलेला पाहिला आहे. देतो म्हणून आयत्या वेळी नाही म्हणणारा मात्र त्या वाडीत पुन्हा माणूस मिळवू शकत नाही.

जाहिरात कुठे द्यावी यावर फार लिहायला नको. सरकारचं महास्वयम् पोर्टल आहे, जवळची आयटीआय आहे, ग्रामपंचायतीचा फलक आहे. फक्त आपल्याच गावाच्या ग्रुपवर टाकून 'जाहिरात दिली होती' असं म्हणू नका.

पगाराचा आकडा

सगळ्यात जास्त खोटं इथे बोललं जातं, आणि बोलणाऱ्याला बऱ्याचदा ते खोटं वाटतही नाही. 'पंधरा हजार' या एका शब्दाचे तीन अर्थ होतात. जिथे पीएफ आणि ईएसआय लागू आहे अशी जागा धरा आणि सगळी रक्कम मूळ पगारच समजा.

पहिला अर्थ: हातात पंधरा. उमेदवार नेहमी हाच अर्थ घेतो.

दुसरा अर्थ: पगार पंधरा, त्यातून कपात. पीएफ १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये, ईएसआय, म्हणजे कामगारांचा राज्य विमा, ०.७५ टक्के म्हणजे ११३ रुपये, आणि पुरुष कामगाराचा व्यवसाय कर २०० रुपये. हातात आले १२,८८७. महाराष्ट्रात महिलांना पंचवीस हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून बाईच्या हातात १३,०८७.

तिसरा अर्थ: मालकाचा एकूण खर्च पंधरा. मुंबईच्या कंपन्यांकडून ही 'सीटीसी'ची भाषा आता चिपळूण-कुडाळपर्यंत आली आहे. यात मालकाचा पीएफचा वाटा, त्यावरचे प्रशासकीय आकार आणि विमा मिळून १३ टक्के, आणि ईएसआयचे ३.२५ टक्के त्याच पंधरात धरलेले असतात. म्हणजे खरा पगार १२,९०३. त्यातून कामगाराची स्वतःची कपात गेली की पुरुषाच्या हातात उरतात ११,०५८ रुपये.

शब्द तोच, आणि पहिल्या-तिसऱ्या अर्थात जवळजवळ चार हजारांचा फरक. पहिल्या पगाराच्या दिवशी माणूस हिशेब मागतो, तेव्हा कागदोपत्री तुम्ही बरोबरच असता. तरी त्याच्या दृष्टीने तुम्ही त्याला गंडवलेलं असतं, आणि माझ्याही दृष्टीने. म्हणून नियम साधा ठेवा: जाहिरातीत आणि तोंडी नेहमी हातात येणारा आकडा सांगा, आणि बाकीची फोड मुलाखतीत त्याच्यासमोर कागदावर करून दाखवा. पीएफ म्हणजे बुडालेले पैसे नव्हेत, ते त्याचेच आहेत, हेही तेव्हाच समजावता येतं. कपातीआधीचा पगार त्या कामाच्या किमान वेतनाखाली जात नाही ना, हे जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारून घ्या. दर महागाईभत्त्याबरोबर बदलत असतात.

किलोवर काम असेल तर हिशेब वेगळा सांगावा लागतो. काजू कटिंगला किंवा कोळंबी सोलायला बाई घेताना 'आमच्याकडे बायका दिवसाला इतके काढतात' असं सांगतात, तेव्हा तो आकडा दहा वर्षं बसलेल्या हाताचा असतो. नव्या बाईचा हात पहिल्या महिन्यात त्याच्या जवळपासही जात नाही. तिला पहिल्या महिन्याचा खरा आकडा सांगा. गर तुटला तर दर कमी होतो का, माल आला नाही त्या दिवशी काही मिळतं का, वजन कोण करतं आणि ते तिला दिसतं का, हेही सांगा. माणूस किलोवर असला म्हणून किमान वेतनाचा हिशेब टळत नाही.

बोटीवर तर हे फार गुंतागुंतीचं असतं. कुठे महिन्याचा पगार, कुठे माशातला वाटा, कुठे दोन्ही. खलाशाला वाटा सांगताना आधी काय काय वजा होतं ते सांगायला हवं: डिझेल, बर्फ, रेशन, जाळ्याची दुरुस्ती. 'खर्च जाऊन वाटा' या तीन शब्दांत पूर्ण हंगाम गिळंकृत होऊ शकतो. तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाचा, वाटा किती आणि खलाशाचा किती, हे दोघांनाही माहीत असावं.

आणि टिप. 'पगार कमी आहे, पण टिप भरपूर मिळते' हे वाक्य वापरू नका. टिप पाहुणा देतो, तिचा शब्द तुम्ही कसा देणार?

मध्यस्थ

कोकणात बरीचशी भरती मध्यस्थामार्फत होते. एमआयडीसीत ठेकेदार, आंब्याच्या बागेत नेपाळी राखणदारांच्या टोळीचा म्होरक्या, बोटीवर कर्नाटक-आंध्रातली माणसं आणणारा कोणीतरी, हॉटेलात मुंबईचा प्लेसमेंटवाला, आणि या सगळ्यांच्या वर 'आमचा पाव्हणा'. मध्यस्थ असण्यात गैर नाही. त्याला पैसे कोण देतं, यावर सगळं आहे.

त्याची दलाली मालकाने द्यावी. उमेदवाराकडून एक रुपया घेऊ नये. हे मध्यस्थाकडून लिहून घ्या. त्याच्यावर विसंबून न राहता, कामावर आलेल्या प्रत्येकाला एकट्याला गाठून विचारा, 'इथे यायला कोणाला काही दिलंस का?' माणूस पहिल्या दिवशी सांगणार नाही, आठवड्याने सांगेल. दिले असतील तर ते त्याला परत मिळवून द्या आणि मध्यस्थ बदला. टोळीने आलेल्या माणसांचा पगार म्होरक्याच्या हातात एकगठ्ठा देणं सोयीचं असतं, हे मान्य. तरी प्रत्येकाच्या खात्यात वेगळा द्या. अटीही प्रत्येकाला कळेल त्या भाषेत सांगा. नेपाळी राखणदाराला मराठी कागदावर अंगठा करायला लावणं म्हणजे काहीच न सांगणं.

ठेकेदारामार्फत घेताना आणखी एक खोटेपणा चालतो. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी पर्यवेक्षकाच्या जागांवर निदान ५० टक्के आणि एकूण जागांवर ८० टक्के स्थानिक माणसं घ्यावीत, असं राज्याचं धोरण आहे. मग स्थानिक मुलांची नावं ठेकेदाराच्या रजिस्टरवर लागतात, काम मात्र सहा महिन्यांचं, ब्रेक देऊन पुन्हा नवं. मुलाला 'कंपनीत लागलास' असं सांगितलं जातं, घरी पेढे वाटले जातात, आणि ओळखपत्रावर नाव ठेकेदाराचं असतं. कोणाचा कामगार आहेस, किती दिवसांसाठी, कायम होण्याची शक्यता आहे की नाही, ही तीन उत्तरं घेताना द्या. कायम होणार नसेल तर 'काम बघून ठरवू' असं म्हणत त्याला झुलवू नका.

आता परदेश आणि जहाज. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर आखातात आणि जहाजावर जाण्याची परंपरा जुनी, म्हणून इथे फसवणाऱ्यालाही गिऱ्हाईक तयार मिळतं. भरती करणाऱ्याने आणि गावातल्या 'नाव सुचवणाऱ्याने' दोघांनी लक्षात ठेवावं असं:

परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करायची तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणीशिवाय भरती करणं गुन्हा आहे. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते, आणि एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, तेही पावती देऊन.

व्यापारी जहाजावर पाठवायचं तर नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरती करण्याचा, परवाना लागतो, आणि तिथे खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घेताच येत नाहीत. भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सागरी कामगार करारानुसार खलाशाने फक्त वैद्यकीय दाखला, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि पासपोर्ट यांचा खर्च करायचा. व्हिसासुद्धा जहाजमालकाच्या खर्चाने. तेव्हा 'चार लाख भर, तीन महिन्यांत जहाजावर' असं म्हणणारा, त्याचं ऑफिस नवी मुंबईत कितीही चकाचक असो, पहिल्याच वाक्यात नियम मोडत असतो.

आपल्या गावातला मुलगा एजंटाकडे नेऊन थोडे पैसे मिळवणारे सज्जन लोक आहेत. त्यांना वाटतं, आपण फक्त ओळख करून दिली. परवाना न तपासता ओळख करून दिली तर बुडालेल्या पैशांत त्यांचाही वाटा आहे. मुलाचे वडील सोनं गहाण ठेवताना एजंटाला ओळखत नसतात, यांना ओळखत असतात.

मुलाखत

सावंतवाडीहून मालवणला येणारा माणूस एसटीच्या वेळा बघून येतो. दिलेली वेळ पाळा आणि शक्यतो एकाच भेटीत उरका. दुसऱ्यांदा बोलवाल तर भाडं द्या. जागा उघडी, माणसांत असलेली निवडा. रिसॉर्टच्या रिकाम्या खोलीत एकट्या मुलीची मुलाखत घेऊ नये, हेतू कितीही स्वच्छ असला तरी. २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा 'पीडित स्त्री' म्हणताना ती त्या जागी नोकरीला असलीच पाहिजे अशी अट घालत नाही, हे माहीत असू द्या. मुलाखतीला आलेली मुलगीही त्यात येते.

काय विचारू नये याची मोठी यादी देत नाही. एक कसोटी पुरते: हा प्रश्न पुरुषाला, परक्या जातीच्या माणसाला, सगळ्यांना असाच विचारला असता का? 'लग्न कधी करणार?' हा पुरुषाला कोणी विचारत नाही. तुम्हाला खरं तर हे जाणून घ्यायचं असतं की रात्री आठला सुटल्यावर ती घरी कशी जाईल. मग तेच विचारा, आणि मुलालाही विचारा. आपल्याकडे 'आडनाव काय, वाडी कुठली, कुणाचा?' हे बोलण्याच्या ओघात येतं, त्यात वाईट हेतू नसतोही. पण समोरचा बरोबर ओळखतो की आपली जात काढली जाते आहे. मुलाखतीपुरती ही सवय आवरा. आचाऱ्याला धर्म विचारायची गरज नाही. मासे साफ करणार का, मटण शिजवणार का, दोन स्वयंपाकघरं वेगळी सांभाळणार का, एवढं विचारलं की काम भागतं.

आरोग्याबाबत: अन्नपदार्थ हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांतच आहे, ती मागा आणि खर्च तुम्ही करा. एचआयव्हीची चाचणी नोकरीची अट म्हणून मागायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. गरोदरपणाची चौकशीही मुलाखतीत नको.

ट्रायल हा हॉटेलवाल्यांचा आवडता प्रकार. आचाऱ्याला बोलावून सुरमईची कढी, सोलकढी, वडे करायला लावतात, त्या दिवशीचे पंधरा-वीस पाहुणे जेवून जातात आणि आचाऱ्याला 'कळवतो' म्हणून पाठवतात. घरच्या चार माणसांपुरतं करून घेतलं तर ती परीक्षा. गिऱ्हाइकाला वाढलं तर ते काम, आणि त्याचे पैसे त्याच दिवशी द्यायचे. 'दोन दिवस करून बघ' हेसुद्धा तसंच, दोन दिवसांचा पगार लागू.

उमेदवाराचं खोटं

उमेदवारही लपवतात. सगळ्यात जास्त लपवली जाणारी गोष्ट म्हणजे तो किती दिवस राहणार आहे. एखादा पोलीस भरतीची तयारी करतोय, एखाद्याचा आखाताचा व्हिसा यायचा आहे, एखादीला मुंबईच्या मावशीने बोलावलं आहे. 'किती वर्षं राहशील?' असं विचारलंत तर सगळे 'कायम' म्हणतील, कारण खरं सांगितलं की नोकरी जाते हे त्यांना ठाऊक असतं. खोटं बोलायला भाग तुम्हीच पाडता. त्याऐवजी, 'मला ३१ मेपर्यंत माणूस हवा. त्याआधी कुठली परीक्षा, व्हिसा, लग्न असेल तर सांग, त्यावरून नाव कापणार नाही, तारखा जुळतात का बघू' असं म्हणा. आणि मग खरंच कापू नका. मोसम पूर्ण करणाऱ्याला शेवटी ठरावीक रक्कम जास्त द्यायचं ठेवलं, तर ते कुठल्याही आणाभाकांपेक्षा चांगलं काम करतं. मात्र ती रक्कम वेगळी हवी, महिन्याच्या पगारातून मागे ठेवलेली नको.

अनुभवाचे दाखले खोटे निघतात. त्यासाठी पोलिसी आव आणण्याची गरज नाही. ड्रायव्हरचं लायसन परिवहनच्या पोर्टलवर दिसतं. स्कूबाच्या प्रशिक्षकाचं कार्ड देणाऱ्या संस्थेकडे पडताळता येतं. शिवाय तारकर्लीतच एमटीडीसीची स्कूबा संस्था आहे, क्षेत्रातली माणसं एकमेकांना ओळखतात. बाकी बहुतेक कामांत पाच मिनिटं काम करून दाखवायला सांगितलं की दाखल्याची गरजच उरत नाही. एखाद्याने अनुभव फुगवला, पण पाण्यात उतरायचं किंवा गाडी चालवायचं काम नाही, तर मी त्याला दुसरी संधी देईन. जिथे पाहुण्याचा जीव हातात आहे, तिथे नाही.

चौकशी

आधीच्या मालकाला फोन करण्यापूर्वी उमेदवाराची परवानगी घ्या. सध्या जिथे कामाला आहे तिथे तर विचारल्याशिवाय अजिबात नको. मोठ्या शहरात हे शिष्टाचार म्हणून पाळतात. इथे सकाळी केलेला फोन दुपारी बाजारपेठेत पोचतो आणि संध्याकाळी त्या मुलाची असलेली नोकरी जाते. फोनवर मोजकंच विचारा: केव्हापासून केव्हापर्यंत होता, काय काम करत होता, पुन्हा घ्याल का. घरचं, प्रेमप्रकरणं, दारू यावरचं ऐकीव पुराण सुरू झालं तर थांबवा.

उद्या तुम्हालाही असा फोन येईल. नकोसा झालेला माणूस दुसऱ्याच्या गळ्यात मारायला 'फार चांगला आहे' म्हणणं, आणि सोडून गेल्याच्या रागाने 'घेऊ नका' म्हणणं, दोन्ही सारखंच.

ओळखीचा उमेदवार असेल, म्हणजे भाचा, भावकीतला, सरपंचांनी पाठवलेला, तर त्याची मुलाखत दुसऱ्या कोणाला तरी घ्यायला सांगा आणि प्रश्न तेच ठेवा. ओळखीने कळलेला माणूस चांगला निघतो, हे मला नाकारायचं नाही. पण जागा भाच्यालाच द्यायची ठरली असेल, तर बाकी पाच जणांना नुसतं दाखवायला बोलावू नका.

नेमणूकपत्र, उचल आणि मूळ कागद

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यांत लेखी नेमणूकपत्र बंधनकारक केलं आहे. तुमच्याकडे तीनच माणसं असली तरी द्या. मराठीत एक पान पुरतं: काम, जागा, वेळ, पगार आणि त्याची फोड, पगाराची तारीख, सुट्ट्या, कालावधी, नोटीस. नोटीस दोन्ही बाजूंना सारखी ठेवा. कामगाराला एक महिना आणि मालकाला एक तास, अशी नको. या चारांतल्याच वेतन संहितेनुसार माणूस सोडून गेला किंवा काढला तर त्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. 'पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला ये' हा जुना रिवाज आता कायद्यात बसत नाही.

मूळ मार्कशीट, पासपोर्ट, आधार ठेवून घेऊ नका. बघा, झेरॉक्स घ्या, त्याच्यासमोर परत द्या. माणूस पळून जाईल या भीतीने ठेवलेला कागद त्याला थांबवत नाही, तो फक्त दुसरीकडे अर्ज करू शकत नाही. युनिफॉर्मचं किंवा चावीचं डिपॉझिटही तसंच.

उचल हा अवघड विषय आहे. १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्यावर असतात, घरी पैसे लागतात, आणि मालक येत्या हंगामासाठी खलाशाला उचल देऊन बांधून ठेवतो. खलाशी दोन मालकांची उचल घेऊन तिसऱ्याकडे जातो, असंही घडतं, आणि मालकाचा संताप मी समजू शकतो. तरी उचल फिटेपर्यंत माणसाला सोडायचंच नाही, ही अट १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कक्षेत जाऊ शकते. मध्यम मार्ग असा: उचल हंगामाच्या मिळकतीच्या मानाने लहान ठेवा, ती बँकेतून द्या, दर महिन्याला किती कापणार ते लिहा, दोघांकडे एकेक वही असू द्या आणि व्याज लावू नका. मधेच गेला तर उरलेली रक्कम दिवाणी येणं म्हणून मागता येते. त्याला बोटीवर डांबून, फोन काढून घेऊन किंवा भावाला धरून ती वसूल करता येत नाही.

नकार

ज्यांना घेतलं नाही त्यांना कळवा. आपल्याकडे हे जवळजवळ कोणीच करत नाही, आणि मुलं तीन-तीन आठवडे दुसरं काम नाकारत बसतात. एवढा संदेश पुरतो:

'नमस्कार. हाऊसकीपिंगच्या जागेसाठी आपण आलात, आभारी आहे. या वेळी दुसऱ्या उमेदवाराला घेतलं आहे. कारण त्यांना आधीचा अनुभव होता. आपले कागद आम्ही नष्ट करत आहोत. पुढच्या मोसमासाठी नाव ठेवायचं असेल तर कळवा.'

कारण खरं लिहा, किंवा लिहूच नका. 'जागा भरली' म्हणून परत दोन दिवसांनी तीच जाहिरात ग्रुपवर टाकणारे आहेत, ते गावाला दिसतं. आणि कागद नष्ट करतो म्हटलं तर खरंच करा. आधारचे फोटो फोनच्या गॅलरीत पडून राहतात, बायोडाटा 'कोणाला हवा असेल तर' म्हणून दुसऱ्या ग्रुपवर जातो, मुलीचा नंबर भलत्याच्या हाती लागतो. उमेदवाराची माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरायची, हे २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याचंही सूत्र आहे.

घेतलेल्या माणसाजवळ पंधरा दिवसांनी तोच पहिला कागद घेऊन बसा आणि विचारा, यातलं काय वेगळं निघालं. जे निघेल ते पुढच्या जाहिरातीत दुरुस्त करा. हॉटेलवाल्यांनी ऑक्टोबरची माणसं ऑगस्टमध्येच शोधायला लागावं. चाकरमानी गणपतीला गावी येतात, त्यांच्यातल्या कोणाकोणाला परत मुंबईला जायचं नसतं, आणि तुमची जाहिरात खरी आहे की नाही हे त्यांना गेल्या मोसमातल्या माणसांकडून आधीच कळलेलं असतं.